वेबहोस्टवर मर्यादित फाइल-खातं कसं उघडून द्यावं

वेबसाइट एकट्याने चालवणारे फार थोडे. फोटो चढवायला कोणी असतं, थीमची दुरुस्ती करून देणारं कोणी असतं, कधी रोज रात्री बॅकअपची फाइल आणून टाकणारा एखादा प्रोग्राम असतो. या सगळ्यांना सर्व्हरवर फाइली ठेवायच्या असतात. घाईच्या वेळी होस्टिंगचं मुख्य युजरनेम आणि पासवर्ड देऊन टाकणं सगळ्यात सोपं वाटतं. कृपा करून तसं करू नका. त्या एका पासवर्डाने ईमेलची खाती उघडतात, डेटाबेस पुसता येतो, डोमेनच्या नोंदी बदलता येतात आणि साठवलेले बॅकअपही उडवता येतात. फोटो चढवणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याला हवं असतं एक फोल्डर.

तेवढंच एक फोल्डर दिसेल असं वेगळं खातं उघडून देणं जवळपास प्रत्येक होस्टवर शक्य आहे आणि कामही फार मोठं नाही. होस्टिंग घेतलंय, साइट चालू आहे, पण दुसऱ्या कुणाला आत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली आहे, अशांसाठी हे सगळं लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की असू द्या. फोल्डरची हद्द आखली की साइट सुरक्षित झाली, असा समज सर्रास आढळतो. ही हद्द फाइली पाहण्यावर आणि ठेवण्यावर लागते. ठेवलेली फाइल सर्व्हरवर चालली, तर ती काय काय वाचेल यावर तिचा काही ताबा नसतो. या फरकाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, म्हणून पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

आधी ठरवा, मग स्क्रीन उघडा

खातं कोणासाठी आहे, त्याला कुठलं फोल्डर लागेल, त्याने फक्त वाचायचं की लिहायचंही, आणि हे किती दिवस चालणार, या प्रश्नांची उत्तरं कुठेतरी लिहून काढा. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो आणि मग काम संपून वर्ष लोटलं तरी खातं उघडंच राहतं.

फोल्डर निवडताना शक्य तितकं खोल जा. वर्डप्रेसची एकच थीम दुरुस्त करायची असेल तर थीम, प्लगइन, फोटो सगळं ज्यात असतं ते अख्खं डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर कशाला द्यायचं? थीम्सच्या आतलं त्या एका थीमचं फोल्डर पुरतं. मात्र साधारणपणे एका खात्याला एकच मूळ फोल्डर मिळतं. थीम आणि प्लगइन अशी दोन वेगळी फोल्डरं द्यायची असतील तर दोन खाती उघडा. दोन्ही सामावून घेणारं वरचं फोल्डर देऊन टाकलं की मर्यादा घालण्याचा हेतूच संपतो.

आणि एका माणसाला एकच खातं. तिघांची टीम असली तरी तीन खाती. सामायिक खात्यात एखादी फाइल उडाली तर ती कोणाकडून उडाली हे कळायला मार्ग उरत नाही, आणि एक जण काम सोडून गेला की पासवर्ड बदलून उरलेल्या दोघांना परत कळवत बसावं लागतं.

एफटीपी, एफटीपीएस की एसएफटीपी

एफटीपी हा संगणकांमध्ये फाइली नेण्या-आणण्याचा, इंटरनेटवरच्या सगळ्यात जुन्या प्रोटोकॉलांपैकी (ठरलेल्या नियमसंचांपैकी) एक. १९७१ साली एमआयटीत असताना अभय भूषण यांनी त्याचा पहिला मसुदा लिहिला. आयआयटी कानपूरच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. त्या काळी जाळ्यावर मोजकीच यंत्रं होती आणि चोरून ऐकणाऱ्याची धास्ती नव्हती. त्यामुळे साध्या एफटीपीत युजरनेम, पासवर्ड आणि फाइली, सगळं उघड्यावर जातं. सार्वजनिक वायफायवर बसलेल्या कोणालाही ते वाचता येऊ शकतं. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. तुम्हीही साधं एफटीपी कोणाला देऊ नका.

एफटीपीएस म्हणजे तेच एफटीपी, पण टीएलएसच्या, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणाऱ्या, आवरणातून. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जे जास्तीचं खातं उघडता येतं ते बहुधा याच प्रकारचं असतं. एसएफटीपी नावाने जवळचं वाटतं, पण त्याचा एफटीपीशी संबंध नाही. ते एसएसएचच्या, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या जोडणीच्या, आत चालतं, २२ नंबरच्या एकाच पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक असलेलं दार). एफटीपीला आज्ञांसाठी २१ नंबरचं पोर्ट लागतं आणि फाइली नेण्या-आणण्यासाठी दरवेळी आणखी एक वेगळी जोडणी उघडावी लागते. फायरवॉलपाशी अडकण्याचे बहुतेक प्रकार या दुसऱ्या जोडणीमुळे होतात. निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपी घ्या. सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ती अनेकदा नसते; तिथे एफटीपीएस चालेल, फक्त टीएलएस सक्तीचं ठेवायचं.

सीपॅनेलमध्ये खातं उघडणं

सामायिक होस्टिंगवर सीपॅनेल हे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल फार ठिकाणी भेटतं, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. लॉगिन केल्यावर फाइल्सच्या विभागात "एफटीपी अकाउंट्स" आहे. ते उघडलं की वर नवीन खात्याचा फॉर्म आणि खाली आधीच्या खात्यांची यादी दिसते. यादी आधी वाचा. साइट दुसऱ्या कोणाकडून बनवून घेतली असेल तर त्यांच्या वेळची खाती तिथे अजून जिवंत असण्याची बरीच शक्यता आहे. मुख्य खातं आणि लॉग वाचण्यासाठीचं एक खातं पॅनेल स्वतःच बनवतं. त्यापलीकडे जे दिसेल त्याचा खुलासा तुम्हाला करता आला पाहिजे.

आता फॉर्म. पहिल्या रकान्यात लॉगिनचं नाव टाका आणि शेजारी डोमेन निवडा. नाव असं ठेवा की सहा महिन्यांनीही ते कोणाचं होतं हे कळेल. "टेस्ट" आणि "टेम्प" ही नावं टाळा. पूर्ण युजरनेम या नावापुढे ॲटचं चिन्ह आणि डोमेन जोडून तयार होतं. समोरच्याला सांगताना ते पूर्णच सांगायचं, कारण नुसतं नाव टाकल्याने लॉगिन नाकारलं जाणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची तक्रार आहे.

पासवर्ड बनवायला शेजारचं जनरेटरचं बटण वापरा. हा पासवर्ड कोणाला पाठ करायचा नाही, तो एकदाच प्रोग्राममध्ये साठवला जाणार आहे. तेव्हा वीस अक्षरांचा असला तरी कोणाचं अडत नाही.

यापुढचा रकाना डिरेक्टरीचा, आणि सगळी मर्यादा याच रकान्यात आहे. वर नाव टाइप करता करता पॅनेल इथे आपणच एक मार्ग भरत जातं आणि त्याच्या टोकाला तुम्ही टाइप केलेलं नाव जोडतं. वर "फोटोवाले" टाकलंत की खाली "फोटोवाले" नावाचं फोल्डर दिसू लागतं. ते आधीपासून नसेल तर खातं बनतानाच नवीन, रिकामं तयार होतं. अनेक जण हा रकाना न पाहताच पुढे जातात, मग समोरचा लॉगिन करतो आणि म्हणतो, "आत काहीच नाही!" त्याला खरं तर जुनं, भरलेलं फोल्डर द्यायचं होतं. म्हणून भरलेला मार्ग पुसा आणि हवा असलेला मार्ग नीट, लहान-मोठ्या अक्षरांसकट टाका. लिनक्सवर मोठ्या अक्षरातलं "इमेजेस" आणि लहान अक्षरातलं "इमेजेस" ही दोन वेगळी फोल्डरं असतात.

उलट चूक याहून महागात पडते. या रकान्यात नुसती तिरकी रेघ ठेवली तर खात्याला तुमचं सगळं होम फोल्डर मिळतं: साइट, मेल, बॅकअप, सगळं. पब्लिक-एचटीएमएल, म्हणजे साइटच्या फाइलींचं फोल्डर, एवढंच ठेवलं तर अख्खी साइट मिळते, डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत आहे तीसुद्धा. "क्रिएट" दाबण्याआधी हा एक रकाना दोनदा वाचा.

शेवटी कोटा, म्हणजे खात्याला डिस्कवर किती जागा मिळणार तो आकडा. अमर्याद ठेवू नका. फोटोंसाठी दोन-चार हजार एमबी पुरत असतील तर तेवढेच द्या. कोटा दिला नाही तर एकाच खात्याकडून सगळी डिस्क भरू शकते. डिस्क भरली की मेल येणं थांबतं, डेटाबेसला लिहिता येत नाही, आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. कोट्याचा हिशेब ठेवायला काही सर्व्हर त्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी एक छोटी एफटीपीकोटा नावाची फाइल ठेवतात. ती अनोळखी वाटली तरी राहू द्या.

प्लेस्क वापरत असाल तर डोमेनच्या पानावर एफटीपी ॲक्सेस नावाची जागा आहे. तिथेही नाव, होम फोल्डर, पासवर्ड आणि डिस्कची मर्यादा हेच रकाने भेटतात. बाकीच्या पॅनेलांत नावं बदलतात, रकाने तेच राहतात.

हद्दीतून पळवाट कशी निघते

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. सीपॅनेलमध्ये उघडलेली जास्तीची एफटीपी खाती ही सर्व्हरच्या दृष्टीने वेगळी माणसं नसतात. डिस्कवर लिहिलेल्या फाइलीचा मालक तुमचा मुख्य वापरकर्ताच राहतो. एफटीपीचा प्रोग्राम फक्त एवढं पाहतो की या नावाने आलेला पाहुणा अमुक फोल्डरच्या वर जाऊ नये. दुसरीकडे, बहुतेक सामायिक होस्टवर पीएचपीसुद्धा (वर्डप्रेससारख्या साइट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती) त्याच मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतं.

दोन्ही एकत्र ठेवून पाहा. तुम्ही एखाद्याला पब्लिक-एचटीएमएलच्या आतलं "फोटो" हे फोल्डर दिलंत. एफटीपीतून त्याला दुसरं काही दिसत नाही. पण त्याने त्याच फोल्डरमध्ये चार ओळींची पीएचपी फाइल ठेवली आणि ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडला, तर ती फाइल तुमच्या अधिकाराने चालते. ती वरच्या फोल्डरमधली डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंगची फाइल वाचू शकते, डेटाबेसचा पासवर्ड काढू शकते, बाजूची साइट बदलू शकते. हे त्या माणसाने मुद्दाम करायची गरजही नाही. त्याच्या संगणकात व्हायरस शिरला आणि साठवलेला पासवर्ड चोरीला गेला तरी परिणाम तोच.

यावर उपाय आहेत, पण प्रसंग पाहून निवडावे लागतात.

फोटो, पीडीएफ, बॅकअप असल्या नुसत्या ठेवायच्या फाइली असतील तर दिलेलं फोल्डर वेबच्या हद्दीबाहेर ठेवा, म्हणजे पब्लिक-एचटीएमएलच्या आत नाही, त्याच्या शेजारी. "आवक" असं काहीतरी नाव द्या. तिथल्या फाइलीला ब्राउझरमधून पत्ताच नसतो, म्हणून ती उघडून चालवता येत नाही. आलेल्या फाइली पाहून तुम्ही स्वतः त्या साइटच्या फोल्डरमध्ये हलवायच्या. हे हाताने करावं लागतं याची कुरकुर होईल. तरीही बाहेरच्या माणसासाठी मला हीच रचना योग्य वाटते, कारण साइटवर काय जातंय हे दरवेळी तुमच्या नजरेखालून जातं.

फोल्डर वेबच्या आतच ठेवून त्यात एचटीॲक्सेस फाइल (त्या फोल्डरपुरते सर्व्हरचे नियम लिहायची फाइल) टाकून पीएचपी बंद करण्याचा सल्ला खूप ठिकाणी दिसतो. सर्वसाधारण बचावासाठी तो ठीक आहे, पण इथे पुरत नाही. ज्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येतं तो ती फाइल बदलू शकतो किंवा पुसू शकतो. वरच्या फोल्डरमध्ये नियम ठेवलात तरी आतली नवी एचटीॲक्सेस फाइल तो मोडू शकते. नियम सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये असेल आणि त्या फोल्डरपुरती ओव्हरराइडची परवानगी काढलेली असेल, तरच तो टिकतो. हे सामायिक होस्टवर आपल्या हातात नसतं.

थीम दुरुस्त करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पीएचपीच लिहायचं आहे. त्याच्यासाठी फोल्डरची मर्यादा अपघात टाळायला उपयोगी पडते. तो चुकून दुसरं काही पुसणार नाही. पण ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही अशा माणसाला ती रोखू शकत नाही. अशा वेळी साइटची वेगळी प्रत उभी करा, शक्य असेल तर वेगळ्या होस्टिंग खात्यावर, म्हणजे सर्व्हरलाही तो वेगळा वापरकर्ता दिसेल. काम त्या प्रतीवर करून घ्या, पाहा, आणि मग स्वतः मूळ साइटवर आणा.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर) घेतला असेल आणि पॅनेल नसेल, तर ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममधूनच मर्यादित एसएफटीपी देता येतं. त्यासाठी लागणारी सीएचरूट-डिरेक्टरी ही वापरकर्त्याला एका फोल्डरमध्ये बंद करण्याची सोय त्यात २००८ पासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. इथे प्रत्येक खातं हा खराखुरा वेगळा वापरकर्ता असतो, त्यामुळे वर सांगितलेली पळवाट मुळातच अरुंद होते.

आधी एक गट बनवा, समजा "फक्त-एसएफटीपी" अशा अर्थाचा. मग नवा वापरकर्ता बनवून या गटात टाका आणि त्याचं शेल नो-लॉगिन ठेवा. त्याला सर्व्हरवर आज्ञा चालवायच्या नाहीत, फाइली ठेवायच्या आहेत.

मग फोल्डर. नवखे इथे हटकून अडकतात, म्हणून सावकाश वाचा. ज्या फोल्डरमध्ये वापरकर्त्याला बंद करायचं, ते फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर मुळापर्यंत रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीचे असले पाहिजेत, आणि रूट सोडून कोणालाही, कुठल्याही गटाला, त्यात लिहिता येता कामा नये. म्हणजे परवानगीचा आकडा ७५५ (या आकड्यांचा अर्थ पुढे दिला आहे). साहजिकच वापरकर्त्याला त्या वरच्या फोल्डरमध्ये काही ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या आत आणखी एक फोल्डर बनवा, समजा "अपलोड", आणि त्याची मालकी त्या वापरकर्त्याला द्या. तो लॉगिन करेल तेव्हा त्याला एकच फोल्डर दिसेल आणि त्यात तो लिहू शकेल.

हा नियम मोडला तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लागताक्षणी तुटते. समोरच्याला कारण दिसत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र "बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएचरूट डिरेक्टरी" अशी ओळ स्पष्ट लिहिलेली असते. ती दिसली की मुळापासून खालपर्यंत एकेका फोल्डरची मालकी आणि परवानगी तपासत या. कुठेतरी मधेच एका फोल्डरला गटाची लिहिण्याची परवानगी राहिलेली सापडेल.

पुढे एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) कॉन्फिग फाइलीत अगदी शेवटी "मॅच ग्रुप" आणि आपल्या गटाचं नाव अशी ओळ घाला. शेवटी अशासाठी की तिच्यानंतरच्या सगळ्या ओळी पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइलीच्या टोकापर्यंत त्याच गटाला लागू होतात. मधेच घातली तर तिच्या खालचे सर्वसाधारण नियम नकळत या गटापुरते होऊन बसतात. तिच्या खाली सीएचरूट-डिरेक्टरीचा मार्ग द्या. मग फोर्स-कमांडपुढे इंटर्नल-एसएफटीपी लिहा, म्हणजे वापरकर्त्याने काहीही मागितलं तरी त्याला फाइलींचा व्यवहार एवढंच मिळेल. टीसीपी फॉरवर्डिंग आणि एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग या दोन्हींपुढे "नो" लिहा. फॉरवर्डिंगची ओळ विसरू नका. ती राहिली तर शेल नसलेला वापरकर्तासुद्धा तुमच्या सर्व्हरमधून आतल्या डेटाबेसच्या पोर्टपर्यंत बोगदा काढू शकतो. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर इंटर्नल-एसएफटीपीला मोठ्या लिपीतला आर हा पर्याय जोडा.

फाइल सेव्ह केली की लगेच सेवा रीस्टार्ट करू नका. आधी एसएसएचडीला टी हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्या. चूक असेल तर ती ओळ क्रमांकासकट दाखवतो. मगच सेवा रीलोड करा, आणि तुमची चालू असलेली खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. कॉन्फिग बिघडलं असेल तर ती उघडी खिडकीच तुम्हाला परत आत घेईल.

पासवर्डपेक्षा किल्लीने लॉगिन बरं. समोरच्याने आपल्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची किल्ल्यांची जोडी (एक सार्वजनिक, एक खासगी) बनवायची आणि फक्त सार्वजनिक किल्ली तुम्हाला पाठवायची. खासगी किल्ली त्याच्याकडेच राहते. ती मागू नका, आणि कोणी आपणहून पाठवली तर ती वापरू नका, नवी बनवायला सांगा. सार्वजनिक किल्लीची फाइल वापरकर्त्याच्या खऱ्या होम फोल्डरमधल्या टिंब-एसएसएचमध्ये जाते, कारण सर्व्हर ती वाचतो तेव्हा वापरकर्त्याला अजून बंद केलेलं नसतं. फोल्डरला ७००, फाइलीला ६००.

एक बारीक गोष्ट: बंद केलेल्या फोल्डरमधून पाहताना फाइलींच्या मालकाच्या नावाऐवजी नुसते आकडे दिसतात. नावांची यादी ज्या फाइलीत असते ती हद्दीबाहेर राहिली, एवढंच त्याचं कारण. काही बिघडलेलं नाही. तसंच, हद्दीबाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक आतून चालणार नाही. बाहेरचं फोल्डर आत दाखवायचंच असेल तर बाइंड माउंट करावं लागतं.

समोरच्याला काय द्यायचं

सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल, पूर्ण युजरनेम आणि पासवर्ड. पाचही गोष्टी एकाच मेलमध्ये टाकू नका. पासवर्ड वेगळ्या मार्गाने द्या, शक्यतो पासवर्ड मॅनेजरच्या एकदाच उघडणाऱ्या दुव्याने.

पत्त्याबद्दल एक खबरदारी. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या मागे असेल तर डोमेनचं नाव तिच्या सर्व्हरकडे नेतं, आणि ती सेवा वेबची वाहतूक पुढे नेते, एफटीपीची किंवा एसएफटीपीची नाही. मग जोडणी नुसती लोंबकळत राहते. अशा वेळी होस्टने दिलेलं सर्व्हरचं मूळ नाव द्या.

फाइलझिला (फाइली चढवण्या-उतरवण्याचा प्रोग्राम) वापरणाऱ्याला साइट मॅनेजरमध्ये नवी नोंद करायला सांगा. एफटीपीएस असेल तर एन्क्रिप्शनच्या रकान्यात "रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस" हाच पर्याय निवडायचा. "उपलब्ध असेल तर" हा पर्याय नको, कारण टीएलएस मिळालं नाही की तो साध्या एफटीपीवर उतरतो. पासवर्ड साठवायचा असेल तर मास्टर पासवर्ड लावायला सांगा. तो नसेल तर फाइलझिलाने साठवलेले पासवर्ड त्या संगणकावरच्या कोणत्याही प्रोग्रामला सहज वाचता येतात. एसएफटीपीला पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारणा होते. खरा ठसा तुम्ही आधीच कळवून ठेवा, म्हणजे त्याला ताडून पाहता येईल.

देण्याआधी स्वतः तपासा

खातं उघडलं की ते स्वतः, त्याच युजरनेमने, वापरून पाहा. आधी एक छोटी फाइल चढवा, उतरवा, नाव बदला, पुसा. चारही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहा. लिहिता येतं पण पुसता येत नाही असं होऊ शकतं.

मग हद्द तपासा. वरच्या फोल्डरमध्ये जायचा प्रयत्न करा. तुम्ही जिथे आहात तिथेच राहिलं पाहिजे, आणि मूळ म्हणून एकटी तिरकी रेघ दिसली पाहिजे. सर्व्हरचा पूर्ण मार्ग हाताने टाकूनही पाहा. वरचं काही दिसलं तर खातं पुसा आणि डिरेक्टरीच्या रकान्यापासून परत सुरू करा. फोल्डर वेबच्या आत असेल तर नुसती तारीख छापणारी पीएचपी फाइल ठेवून ब्राउझरमध्ये उघडा. तारीख दिसली, तर ते फोल्डर कोड चालवतं हे तुम्हाला कळलं. तो निर्णय जाणूनबुजून घेतलेला असू द्या. तपासून झालं की ती फाइल लगेच काढा.

अडचणी आल्या तर सर्व्हरने दिलेला आकडा पाहा. ५३० म्हणजे लॉगिन नाकारलं. आधी युजरनेममध्ये डोमेन आहे का ते बघा. ४२५ म्हणजे आज्ञांची जोडणी लागली, पण फाइलींची दुसरी जोडणी उघडली नाही. पॅसिव्ह मोड लावा (यात दुसरी जोडणीही वापरणाऱ्याच्या संगणकाकडूनच उघडली जाते), तरीही नसेल तर फायरवॉलमध्ये पॅसिव्ह पोर्ट बंद आहेत. ५५२ आला तर कोटा संपला. ५५० बहुधा परवानगीचा किंवा चुकलेल्या मार्गाचा.

आणि ५५० दिसल्यावर फोल्डरला ७७७ देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. या तीन आकड्यांत पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणजे ७७७ ने सर्व्हरवरच्या प्रत्येकाला लिहिण्याची मुभा मिळते. सर्वसाधारणपणे फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरतं. त्यावर चालत नसेल तर आकडा योग्यच आहे आणि मालकी चुकली आहे, असं समजून मालकी तपासा.

काम संपल्यावर

महिन्यातून एकदा खात्यांची यादी आणि एफटीपीचे लॉग पाहण्याची सवय लावा. लॉगच्या ओळीत वेळ, कुठून जोडणी आली तो पत्ता, फाइलीचं नाव आणि खात्याचं नाव असतं. फोटोंच्या खात्यातून पीएचपी फाइल आलेली दिसली किंवा पत्ता एकदम अनोळखी देशातला निघाला, तर विचारत बसू नका. आधी पासवर्ड बदला, मग फोन करा.

काम संपलं की खातं काढून टाका. सीपॅनेल पुसताना दोन पर्याय देतं: फक्त खातं पुसायचं, की खात्याबरोबर त्याचं फोल्डर आणि आतल्या फाइलीही. थीमच्या किंवा साइटच्या फोल्डरवर उघडलेलं खातं असेल आणि दुसरा पर्याय दाबला गेला, तर चालू साइटच्याच फाइली जातात. म्हणून पुसण्याआधी खात्याचा मार्ग परत वाचा, ताजा बॅकअप घ्या, आणि फक्त खातं पुसण्याचा पर्याय निवडा. फाइली नको असतील तर त्या नंतर फाइल मॅनेजरमधून, डोळ्यांनी पाहून काढता येतात.

स्वतःच्या सर्व्हरवर वापरकर्ता पुसण्याआधी त्याच्या चालू जोडण्या तोडा, कारण आधीच आत असलेला माणूस खातं गेलं तरी जोडणी संपेपर्यंत आतच राहतो. त्याच्या नावाने लावलेली क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं काढा. आणि तीच सार्वजनिक किल्ली दुसऱ्या एखाद्या खात्यात, विशेषतः तुमच्या स्वतःच्या खात्यात, कधी घाईत टाकून ठेवली होती का, तेही शोधा.